म्हात्रे मॅडम चुकतात

म्हात्रे मॅडम आमच्या घरी पहिल्यांदा आल्या, ओटीवर बसल्या, आईने दिलेल्या चहाचा एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "काकी, जरा मीठ देता का? चहात मीठ कमी वाटतंय."

आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे पाहिलं. पाहुण्याने मागितलेल्या वस्तूला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून आई आत गेली आणि मिठाची बरणी घेऊन आली. मॅडमनी चमचाभर मीठ कपात घातलं, नीट ढवळलं आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या आमच्या आबांना विचारलं, "काका, तुम्ही किती चमचे घेता?"

आबांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. दवाखान्यातून घरी आणल्यापासून आबांनी कुणाही पाहुण्याकडे असं मान वळवून पाहिलं नव्हतं, पण ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. मला एवढंच दिसलं, की जिला साखर आणि मीठ यांतला फरक कळत नाही ती बाई आता माझ्या बापाला बोलायला शिकवणार. मॅडमनी तो चहा तळापर्यंत प्यायला, "छान झालाय" म्हणाल्या आणि पुढच्या मंगळवारी येते असं सांगून गेल्या. डोक्यावरचं हेल्मेट त्यांनी तासभर काढलंच नव्हतं.

म्हात्रे मॅडम स्पीच थेरपिस्ट आहेत. पक्षाघाताने ज्यांची वाचा गेली अशा माणसांच्या घरी अलिबागची एक संस्था त्यांना पाठवते. गावात त्यांना 'बोलायची डॉक्टरीण' म्हणतात. वय पंचेचाळिशीच्या आसपास, उंची बेताची आणि आवाज असा की त्या रस्त्यावरून स्कूटरवर जाता जाता कुणाला हाक मारतात तेव्हा दोन्ही बाजूंच्या घरांतून माणसं बाहेर येतात. इतक्या आवाजाच्या बाईला देवाने कामही आवाजाचंच दिलं, असं आई म्हणते.

आता आमच्या आबांविषयी सांगायला हवं. आबा पांढऱ्या कांद्याचे शेतकरी. भात निघालं की कांदा लावायचा, माघ-फाल्गुनात काढायचा, पातीसकट वाळवायचा, पातीची वेणी घालत माळा विणायच्या आणि अलिबाग-वडखळ रस्त्याच्या कडेला मांडव टाकून विकायच्या, हे त्यांनी जन्मभर केलं. म्हणजे असं जगाला वाटतं. खरं तर त्यांनी जन्मभर मांडवात बसून बोलण्याचं काम केलं आणि जोडीला कांदा विकला. मुंबईची गाडी थांबायची, काच खाली व्हायची आणि आतली बाई विचारायची, "गोड आहे का हो?" आबा म्हणायचे, "कांदा हाय, जिलबी न्हाय." गिऱ्हाईक हसायचं आणि दोन माळा जास्त घेऊन जायचं. हे वाक्य ऐकायला दरवर्षी मुद्दाम थांबणारी गिऱ्हाइकं होती.

गणपतीनंतर आबांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, पाय थोडा ओढू लागला आणि बोलणं पार गेलं. हातापायाचं त्यांनी मनावर घेतलं नाही. बोलणं गेल्याचं मात्र असं लागलं की त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. भेटायला येणाऱ्यांनी त्यात भर घातली. बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नसणार, असं गावाने परस्पर ठरवून टाकलं आणि जो येईल तो खाटेशी वाकून ओरडायचा, "आबा, मी दत्तू! ओळखलंत का?" दत्तूला आबांनी लहानपणी नाक पुसून शाळेत पोचवला होता. आबा डोळे मिटून घ्यायचे.

आई रडणारी बाई नाही. पण एकदा भांडी घासता घासता ती मला म्हणाली, "विलास, बाकी काय नको मला. ह्यांचं त्वांड भिंतीकडनं वळलं पायजे. न्हायतर हा माणूस असाच भिंतीला बोलत जाईल एक दिवस." तिला म्हणायचं होतं, न बोलता. पण मी दुरुस्त केलं नाही.

अशा घरात म्हात्रे मॅडम दर मंगळवारी येऊ लागल्या आणि दर मंगळवारी चुकू लागल्या. गोठ्यातल्या गाईला त्या म्हैस म्हणाल्या. परसातल्या फणसाकडे बघून "पपया खूप लागल्यात यंदा" म्हणाल्या. माझं नाव विलास. मला त्या पहिल्या महिन्यात कैलास, प्रकाश आणि एकदा तर सरळ पुष्पा म्हणाल्या. आबांच्या डाव्या हातात कंगवा दिला आणि म्हणाल्या, "काका, दात घासून घ्या." आबांनी कंगवा खाटेवर आपटला. मॅडमचा चेहरा असा उजळला की जणू कुणी त्यांचा सत्कार केला.

त्यांच्याकडे चित्रांचे पत्ते होते. कुठल्याशा थंड देशात छापलेले. बर्फाचा माणूस, खार, धुराडं असलेलं घर. पहिल्याच दिवशी त्यांनी ते आबांना दाखवले आणि मग स्वतःच खिन्न होऊन पिशवीत टाकले. "ह्या माणसाला बर्फाच्या बाहुल्याशी काय बोलायचं असणार," म्हणाल्या. पुढच्या खेपेपासून पत्ते बंद आणि घरातलीच वस्तू हातात घेऊन तिच्याविषयी काहीतरी धडधडीत खोटं बोलणं सुरू.

दुसरं त्यांचं वेड म्हणजे वाट पाहणं. आबांना काही विचारलं की त्या थांबत. आबा तोंड उघडत, ओठ हलवत, घशातून 'क... क...' असं काहीतरी काढत, आणि आमच्या घरातली सगळी माणसं एकदम मदतीला धावत. "कांदा? कपडे? काठी? कढी?" मॅडम हात वर करून म्हणत, "वेळ आहे आपल्याकडे." आपल्याकडे म्हणजे कुणाकडे, हे मला कळत नसे, कारण मला दुकान उघडायचं असे. माझं अलिबागला कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान आहे आणि तिथे येणाऱ्या कुठल्याही माणसाकडे वेळ नसतो.

आईचं धावणं काही केल्या थांबेना. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात आबा बोलत आणि आई ऐकत आली होती; आता कुठे तिची बोलायची पाळी आली होती, आणि ती पाळी ती आबांच्या वतीने बोलण्यात खर्च करत होती. शेवटी मॅडमनी तांब्या मागवला आणि आईला म्हणाल्या, "काकी, एक मोठा घोट घ्या. गिळायचा नाही. मी सांगेपर्यंत तोंडातच ठेवायचा."

तेव्हापासून मंगळवारचं आमच्या घरचं दृश्य असं असे: खाटेवर आबा, समोर हेल्मेट घातलेल्या मॅडम, आणि दारात गाल फुगवून, डोळे वटारून उभी असलेली माझी आई. शेजारची सरूवहिनी एकदा कढीपत्ता मागायला आली. आईकडे बघून ती मागच्या पावली परत गेली आणि आता आईलाही झटका आला अशी बातमी संध्याकाळपर्यंत वेशीपलीकडे पोचली.

मी हे सगळं सहन केलं, पण माझा संशय जाईना. संस्थेत जाऊन तक्रार करावी असंही मनात आलं. तेवढ्यात एक दिवस मॅडमच माझ्या दुकानात आल्या. त्यांना कसली तरी कागदपत्रं झेरॉक्स करून हवी होती. मी कागद लावले, मशीन चालू केलं. मॅडमनी दारावरच्या माझ्या पाटीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "विलासदादा, 'तत्पर सेवा' लिहिलंय आणि दुकान सव्वाअकराला उघडता. आणि ते तिसरं पान उलटं लावलंय तुम्ही."

पान खरंच उलटं होतं, आणि माझं नाव त्यांनी अचूक घेतलं होतं. मी पान सरळ केलं. मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही मुद्दाम चुकता?"

"मग काय," त्या म्हणाल्या. "काकांना सगळं कळतंय. आत शब्द शाबूत आहेत. तुमच्या मशीनमध्ये कधी कागद अडकतो ना, तसं झालंय. आता मी त्यांना गाय दाखवून गाय म्हटलं, तर ते हो म्हणून मान हलवतील आणि कूस बदलतील. बरोबर बोलणाऱ्याशी बोलायला उरतंच काय, दादा? माणूस तोंड उघडतो ते समोरचा चुकला की."

मी विचारलं, "आणि ते चहात मीठ? ते तर तुम्ही पिऊन टाकता."

"ते सवयीनं जातं आता," त्या म्हणाल्या आणि झेरॉक्स मोजून घेऊन गेल्या. एवढ्या हुशार बाईला आपण येडी समजत होतो, याची लाज वाटायला हवी होती. मला मात्र आबांची काळजी वाटली. ज्यांना आयुष्यात कुणी हरवलं नव्हतं, त्यांच्यासमोर कोण बसलंय हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

थंडी सरली, कांदा निघाला. आबांशिवाय पहिल्यांदाच. माळा आईने आणि दोन मजूर बायांनी विणल्या. त्या मंगळवारी ओटीवर कांद्याचा ढीग होता. मॅडमनी येताच बैठक मारली, पाच-सहा कांदे ओढले आणि विणायला लागल्या. मोठा कांदा वर, लहान खाली. पात आत घेण्याऐवजी बाहेर. शाळेत जाणाऱ्या पोरीची वेणी घालावी तसं घट्ट पीळ देऊन त्यांनी एक भयंकर माळ तयार केली, खाली रिबीन बांधायचीच काय ती बाकी होती, आणि ती आबांसमोर धरून म्हणाल्या, "जमली की नाही, काका? उद्या हीच मांडवात सगळ्यात पुढे टांगायला सांगते काकीला."

आई तोंडात पाणी घेऊन तळमळत होती. आबा माळेकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला, मानेची शीर फुगली. डावा हात पुढे आला. ओठ हलले, बंद झाले, परत हलले. मॅडम माळ धरून बसल्या होत्या. वेळ होता त्यांच्याकडे.

"उल... उलटी," आबा म्हणाले. मग छातीतून जोर काढून, "उलटी हाय, सटवे."

आईच्या तोंडातलं पाणी कारंज्यासारखं बाहेर आलं आणि निम्मं माझ्या शर्टावर पडलं. मी रडत होतो की हसत होतो ते मला सांगता यायचं नाही. फक्त मॅडम शांत होत्या. दुकानदार पहिल्या गिऱ्हाइकाची नोट कपाळाला लावतो तसा त्यांनी उजवा हात कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "बोहनी झाली."

मग कळलं की हा त्यांचा ठरलेला शब्द आहे. शिवी आली की बोहनी झाली. त्यांच्या अनुभवाप्रमाणे गेलेली वाचा बहुतेकदा शिवीच्या वाटेनेच परत येते, आणि त्या शिव्यांवरून त्या गावं ओळखू शकतात. रेवदंड्याच्या एका नाखव्याची पहिली शिवी इतकी लांब होती की ती संपेपर्यंत चहा आला, असं त्या सांगतात. पालीला देवाची जागा, तिथले एक आजोबा "अरे गाढवा" म्हणाले आणि लगेच कानाला हात लावला. नागावच्या होमस्टेवाल्याकडे त्यांनी पाच महिने शिवीची वाट पाहिली; शेवटी त्याच्या तोंडून पहिले शब्द आले ते, "एसी की नॉनएसी?" मॅडमनी तेही बोहनी म्हणून धरलं, पण मन लावून नाही.

आबांची गाडी मात्र सुटली. पुढे दर मंगळवारी मॅडमना सटवी, येडी, बिनडोक अशा पदव्या मिळत गेल्या आणि त्या प्रत्येकीचा खाली मान घालून स्वीकार करत गेल्या. शिव्यांच्या मागून साधे शब्द आले. पाणी, भाकर, बस, नको. वैशाखात आम्ही आबांना मांडवात नेऊन बसवलं. आधी ते तयार नव्हते. लोक कीव करतील हे त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. पण आईने मॅडमची ती उलटी माळ खरोखरच सगळ्यात पुढे टांगली होती, आणि ती काढायला का होईना त्यांना तिथे जावंच लागलं.

मुंबईची गाडी थांबली, काच खाली झाली. "गोड आहे का हो?"

आबांनी त्या बाईकडे पाहिलं. आई सवयीने गाल फुगवून उभी राहिली, तोंडात पाणी नसताना. "कांदा... हाय," आबा म्हणाले. बाईने मागे नवऱ्याकडे पाहिलं. मागच्या गाडीने हॉर्न दिला. "जि... जिल... बी... न्हाय." ती बाई हसली की नाही मला आठवत नाही. मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन, कांद्याने डोळ्यांत पाणी येतं असं कुणीतरी समजेल या आशेने, उभा राहिलो.

आता मॅडमचं येणं थांबेल असं आम्हाला वाटलं. पण त्यांची अट वेगळी होती. "ज्या दिवशी काका आपणहून मला काहीतरी विचारतील, त्या दिवशी मी यायची बंद," त्या म्हणाल्या. "स्वतःला पाहिजे ते मागता आलं की काम भागतं. दुसऱ्याला विचारता आलं तर माणूस माणसांत आला म्हणायचा."

आई आणि मी एकमेकांकडे बघून हसलो. मॅडमना आबांचा इतिहास ठाऊक नव्हता. आबांनी हयातीत कुणाला काही विचारलं नव्हतं. ते सांगत. लग्नाच्या बोलणीत मुलीला काय विचारायचंय ते विचार म्हटल्यावर त्यांनी तिला कांद्याला पाणी कधी द्यावं ते सांगितलं होतं; ती मुलगी म्हणजे माझी आई. या हिशेबाने मॅडम आमच्याकडे जन्मभर येणार होत्या, आणि आमची काही हरकत नव्हती.

विचारण्याचं खातं आमच्या घरी आईकडे होतं. म्हात्रे मॅडमच्या घरी कोण कोण आहे हे काढून घेण्यासाठी तिने जंग जंग पछाडलं. "नवरा काय करतो, बाय?" असं तिने सरळ विचारलं, की मॅडम म्हणत, "काकी, चटणीत चिंच घातलीत का आज?" मुलाबाळांचं विचारलं की त्या आबांकडे वळत, "काका, सांगा बघू, काकी काय विचारतात?" वर्षभरात आईला त्यांचं गावसुद्धा कळलं नाही. ज्या बाईने आमच्या घरातल्या प्रत्येकाला बोलतं केलं तिच्याबद्दल आम्हाला तिच्या स्कूटरच्या रंगापलीकडे काही माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षीचा कांदा निघाला तेव्हा आबा मांडवात रोज बसत होते. शब्द तुटक यायचे, पण यायचे. मॅडम त्या मंगळवारी मांडवातच आल्या. दुपारची वेळ, रस्ता रिकामा; आई आणि मीही तिथेच होतो. त्या उपड्या क्रेटवर बसल्या आणि नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "काका, बटाटे फार छान आलेत यंदा."

आबा मॅडमकडे बघत होते. अलीकडे मॅडमचा चेहरा थोडा ओढल्यासारखा दिसे, हे आईनेही मला सांगितलं होतं.

"बाय," आबा म्हणाले, "तुझी सासू... लय... खाष्ट."

मॅडम गोंधळल्या. "सासू? मला सासू नाही, काका."

आबांनी मान डोलावली, जणू त्यांना ते मान्य नव्हतं पण पाहुणीला कशाला दुखवा. "नवरा... दुबईला."

"लग्नच नाही केलं मी. दुबई कुठली?"

"आई... शेळ्या राखते."

"आईनं कधी शेळ्या राखल्या?" मॅडमचा आवाज चढला. "मिठागरावर होती माझी आई. पेणच्या खाडीकडं. जन्मभर मीठ वाहिलं तिनं डोक्यावरनं." आणि त्या थांबल्या. त्यांनी आबांकडे नीट पाहिलं. मीही पाहिलं. चहात मीठ घालताना मॅडमच्या चेहऱ्यावर जो निष्पाप भाव असे, तोच आता आबांच्या चेहऱ्यावर होता.

"मीठ," आबा सावकाश म्हणाले, "गोड... असतं."

मॅडमनी हेल्मेट काढलं आणि मांडीवर ठेवलं. आईच्या ओठांवर शब्द आले होते, पण तिने शेजारची पाण्याची बाटली उचलली, एक घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं.

"मी पाच वर्षांची झाले तरी बोलत नव्हते, काका," मॅडम म्हणाल्या. "मुकी म्हणायचे सगळे. आई मला मिठागराच्या बांधावर बसवायची आणि टोपली घेऊन जाता-येता म्हणायची, बघ गं बाय, साखर. केवढी साखर. रोज. लोक हसायचे तिला. पोर मुकी आणि आई येडी. एक दिवस माझ्यानं राहवलं न्हाय. मी ओरडले, मीठ. आई टोपली टाकून धावत आली, मला उचललं, आणि म्हणते काय, न्हाय गं, साखरच हाय. दिवसभर भांडले मी तिच्याशी."

त्या हसल्या. बोलता बोलता त्यांची भाषा मिठागराकडे गेली होती. "शिकले, नोकरीला लागले, इकडं खोली घेतली, तरी तिचा फोन आला की पहिलं वाक्य चुकीचंच. आज सोमवार ना गं? मी म्हणायची, आई, आज गुरुवार हाय. की मग तासभर चालायचं. गेल्या चैत्रात गेली ती. आता माझ्याशी चुकीचं बोलणारं कुणी न्हाय, काका. सगळे बरोबर बोलतात. मॅडम, जेवलात का? हो. की संपलं."

दिवसभर घराघरांतून शिव्या खात हिंडणारी ही बाई संध्याकाळी कुलूप उघडून आत जात असेल तेव्हा किती शांतता असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

आबांनी डावा हात कांद्यांवर ठेवला. "मग... घरी," ते म्हणाले, "घरी... कोण?"

"कोणी नाही," मॅडम म्हणाल्या. आणि मग एकदम ताठ बसल्या. चेहऱ्यावर हसू आलं, अगदी खरं, कामातलं हसू. "काका, तुम्ही मला विचारलंत."

आबांना अट आठवली असावी, कारण त्यांचा चेहरा पडला. आईने पाणी गिळून टाकलं आणि म्हणाली, "ह्यो प्रश्न धरू नका, मॅडम. त्यांचा असा काय हेतू नव्हता." पण मॅडम उठल्या होत्या. त्यांना खूप घरं बाकी होती, कितीतरी माणसं भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्यांनी आबांच्या पायाला हात लावला, आईने दिलेली माळ स्कूटरला अडकवली आणि गेल्या.

त्यानंतरचे मंगळवार विचित्र गेले. आई सवयीने एक कप जास्त चहा टाकायची. आबा मांडवात बसायचे, पण गिऱ्हाइकाला नुसता "कांदा हाय" म्हणून गप्प व्हायचे; जिलबीपर्यंत जायचेच नाहीत. हंगाम संपला, मांडव मोडला, घरच्या माळा ओटीवर आढ्याला टांगल्या. मला वाटलं, म्हातारा परत भिंतीकडे वळतो की काय.

एका मंगळवारी मी दुकानात निघालो असताना आबांनी हात पुढे केला. "फोन. बाय... ला. लाव."

झटका आल्यापासून आबा फोनवर बोलले नव्हते. समोर तोंड दिसत नाही, हात हलवून दाखवता येत नाही. फोन सगळ्यात अवघड, असं मॅडमच सांगायच्या. मी नंबर लावला आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून "हॅलो" आलं. आबांचे ओठ हलले, बंद झाले. पलीकडे कुणी घाई केली नाही.

"बाय," आबा म्हणाले. "कांदा... निळा... झाला."

फोन कटला असं वाटून मी बघितलं, तर चालू होता. मग म्हात्रे मॅडमचा आवाज आला, एरवी दोन आळ्यांत ऐकू जाणारा तो आवाज आता जेमतेम ऐकू येत होता. "काका, कांदा निळा नसतो."

"हाय," आबा म्हणाले. "ये... बघ."

आईने चुलीवर आधण ठेवलं आणि मिठाची बरणी पुढे काढून ठेवली.